गजानें मोजलेलीं माणसें

कापडाच्या दुकानांत अत्यंत निःपक्षपाती अशी वस्तु कोणती, असें कोणीं विचारलें तर गजाकडे बोट दाखवावें लागेल. रेशीम असो कीं मांजरपाट असो, गज दोहोंनाहि सारखाच लागतो. विकणाऱ्याची मर्जी किंवा घेणाऱ्याची ऐपत पाहून त्याच्या छत्तीस इंचांचे सदतीस होत नाहींत. परंतु हा गज ज्याच्या हातीं असतो त्या माणसाचें मोजमाप इतक्या सरळपणें क्वचितच झालेलें आहे. त्याला काय येतें, त्यानें काय वाचलें आहे, त्याच्या बुद्धीची झेप कोठवर जाते, यांपैकीं कशाचीहि नोंद दुकानाच्या वहींत नसते. तेथें नोंद होते ती त्याच्या हजेरीची, त्याच्या हातून झालेल्या विक्रीची आणि त्याच्या चुकांची.

पदवी घेऊन बाहेर पडलेली एखादी तरुणी दिवसांतून चार तास एखाद्या मोठ्या दुकानांत उभी राहते, गिऱ्हाइकांनीं विसकटलेले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवते, आणि शिकलेलें सारें कोणत्या कामीं आलें हा प्रश्न मनाशीं घोळवीत घरीं परत जाते, हें दृश्य आज मोठ्या शहरांतून सर्वत्र दिसतें. तिच्या मनांतील शल्य दुहेरी असतें. अंगीं असलेली विद्या वापरली जात नाहीं हें एक. आणि हातून जें काम होतें त्याचीहि किंमत कोणी करीत नाहीं हें दुसरें. पदव्यांचा सुकाळ झाल्यामुळें असें होतें, एवढें सांगून बहुधा हा विषय संपविला जातो. परंतु हें दुखणें पदव्यांच्या सुकाळाहून पुष्कळ जुनें आहे. आणि ज्यांनीं त्यावर उपाय शोधले त्यांनीं एकमेकांच्या अगदीं विरुद्ध वाटा धरल्या, असें इतिहासावरून दिसून येतें. कोणी दुकान सोडून पळाला. कोणी दुकानच बदलावयास निघाली. आणि कोणाला तर त्याच दुकानांत उभें राहण्याचा हक्क मिळावा म्हणून रस्त्यावर यावें लागलें. या तिन्ही वाटा एकत्र पाहिल्या म्हणजे शल्याचें मूळ कोठें आहे याचा उलगडा होऊं लागतो.

पहिली वाट इंग्रज लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांची. १८६६ सालीं लंडनजवळच्या ब्रॉमली या गांवीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचें चिनीमातीच्या भांड्यांचें आणि क्रिकेटच्या साहित्याचें लहानसें दुकान होतें. तें कधींच नीट चाललें नाहीं. वडील क्रिकेट खेळून कांहीं मिळवीत. परंतु १८७७ सालीं त्यांचा पाय मोडला आणि तें उत्पन्नहि बंद पडलें. पुढें १८८० सालीं आई अपपार्क नांवाच्या एका जमीनदारी वाड्यावर घरकारभारीण म्हणून राहावयास गेली. मुलाला कापडाच्या धंद्यांत घातलें कीं त्याच्या आयुष्याची ददात मिटली, अशी त्या माउलीची निष्ठा होती. हाताला घाण लागत नाहीं, अंगावर चांगला कोट असतो, उठणेंबसणें सभ्य लोकांशीं; गरिबाच्या मुलाला याहून अधिक काय हवें, असा तिचा हिशेब.

विंडसर येथील एका कापडदुकानांत या तेरा वर्षांच्या मुलाला प्रथम पैशाच्या पेटीवर बसविण्यांत आलें. दिवसाअखेर हिशेब जुळेना, आणि थोड्याच आठवड्यांत त्याला निरोप मिळाला. मग मिडहर्स्ट या गांवीं एका औषधविक्याकडे त्यानें कांहीं दिवस काढले. त्या धंद्याला लॅटिन लागतें म्हणून तेथील शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांच्याकडे तो धडे घेऊं लागला, आणि या पोराची बुद्धि किती झपाट्यानें चालते हें त्यांच्या ध्यानांत आलें. परंतु औषधांचा धंदा शिकण्याचा खर्च आईला झेपण्यासारखा नव्हता. १८८१ सालीं साउथसी येथील एका मोठ्या कापडदुकानांत उमेदवार म्हणून त्याची रवानगी झाली.

तेथें तो दोन वर्षें होता. दिवस सुमारें तेरा तासांचा. सकाळीं धूळ झटकावयाची, ताके काढून मांडावयाचे, दिवसभर गिऱ्हाइकांपुढें आणि वरिष्ठांपुढें मान लववावयाची, संध्याकाळीं तेच ताके पुन्हा गुंडाळून ठेवावयाचे, आणि रात्रीं इतर उमेदवारांबरोबर एका सामायिक खोलींत झोपावयाचें. दुकानाच्या दृष्टीनें हा उमेदवार सुमार होता. त्याच्या घड्या वाकड्या पडत, त्याचें लक्ष उडालेलें असे, आणि क्षणभर सवड मिळाली कीं तो पुस्तकांत डोकें खुपशी. ज्या मुलाच्या बुद्धीनें एक शाळामास्तर थक्क झाला होता, तोच मुलगा दुकानाच्या मापानें सदैव कमी भरत होता. यांत दुकानदाराचा दुष्टपणा होता असेंहि नाहीं. कापडाच्या गजानें कल्पनाशक्ति मोजतां येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तेरा तास रोज कमी भरल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःचाच संशय येऊं लागतो, आणि या धंद्यांतील खरी यातना तीच असते.

१८८३ सालीं एका रविवारीं सकाळीं हा मुलगा उठला आणि सुमारें सतरा मैल चालत आईकडे अपपार्कला गेला. उमेदवारीसाठीं आईनें आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून बरीच रक्कम भरली होती. ती बुडणार हें त्याला ठाऊक होतें. तरीहि दुकानांत पुन्हा राहणार नाहीं असें त्यानें तिला निक्षून सांगितलें. बायट यांनीं त्याला मिडहर्स्टच्या शाळेंत शिकतां शिकतां शिकविण्याची जागा दिली. पुढच्याच वर्षीं आठवड्याला एक गिनीची शिष्यवृत्ति मिळवून तो लंडनच्या सायन्स कॉलेजांत दाखल झाला, आणि थॉमस हक्स्ले यांच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकूं लागला. ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ सालीं प्रसिद्ध झाली आणि जगाला वेल्स माहीत झाले.

ही कथा उत्साहवर्धक आहे. मात्र तिचा दाखला सर्वांना लागू पडत नाहीं. बायट यांच्यासारखा गुणग्राहक शिक्षक प्रत्येक उमेदवाराला भेटत नाहीं. वेल्स यांना स्वतःला याची जाणीव होती असें त्यांच्या कादंबऱ्यांवरून म्हणतां येतें. १९०५ सालच्या ‘किप्स’ या कादंबरीचा नायक कापडदुकानांतून सुटतो तो अचानक वारसाहक्कानें पैसा मिळाल्यामुळें. १९१० सालच्या ‘द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली’ या कादंबरींतील दुकानदार तर आपलेंच दुकान पेटवून देतो. एकाला दैवानें सोडविलें, दुसऱ्याला आगीनें. गुणांमुळें सुटका झाली असें दोघांपैकीं एकाच्याहि बाबतींत या लेखकाला लिहवलें नाहीं. पळून गेलेल्या एकामागें न पळूं शकलेले शेंकडों असतात. त्यांचें काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें काम साउथसीपासून फार दूर नसलेल्या ब्रायटनच्या परिसरांतील एका मुलीनें केलें. मार्गारेट बाँडफील्ड हें तिचें नांव. १८७३ सालीं सॉमरसेट परगण्यांतील चार्ड या गांवीं ती जन्मली. तेराव्या वर्षीं तिनें गांवच्या शाळेंत मुलांना शिकविण्याचें काम कांहीं काळ केलें होतें. चवदाव्या वर्षीं ती होव्ह येथें कापडदुकानांत उमेदवार झाली. पुढें ब्रायटनमधील लुइसा मार्टिंडेल या बाईंनीं तिला आपलीं पुस्तकें वाचावयास दिलीं, आणि काउंटरपलीकडेहि एक जग आहे याची ओळख तिला त्या पुस्तकांनीं करून दिली. १८९४ सालीं ती लंडनला आली आणि तेथेंहि तिनें दुकानांतच नोकरी धरली.

त्या काळीं इंग्लंडच्या मोठ्या दुकानांतील नोकरांना दुकानाच्याच आवारांत राहावें लागे. जेवण आणि बिछाना मालकाकडून मिळे, आणि त्याची किंमत पगारांत धरली जाई. म्हणजे दुकान बंद झालें तरी नोकराचा दिवस मालकाच्या छपराखालींच संपे. रात्रीं ठराविक वेळीं दार बंद होई. उशीर झाला कीं दंड. बोलण्यांत, बसण्यांत, मांडणींत चूक झाली तरी दंड. अशा निवासांत राहणाऱ्याला लग्न करून बिऱ्हाड थाटणें जवळजवळ अशक्यच असे. आणि इतकें असूनहि हा नोकर स्वतःला मजूर म्हणवून घेण्यास लाजे. गिरणींतल्या कामगाराची संघटना उभी राहिली, खाणींतल्या कामगाराची राहिली. पण कोट घातलेल्या या वर्गाला आपण ‘तसले’ नव्हे असें वाटे. ज्या प्रतिष्ठेसाठीं वेल्स यांच्या आईनें पैसे मोजले होते, त्याच प्रतिष्ठेनें या माणसांचें तोंड बांधून टाकलें होतें.

एके दिवशीं बाँडफील्ड यांनीं विकत आणलेले तळलेले मासे एका वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेले होते. त्या कागदावर दुकाननोकरांच्या संघाचे चिटणीस जेम्स मॅक्फर्सन यांचें, नोकरांनीं संघटित व्हावें असें आवाहन करणारें पत्र छापलें होतें. तें वाचून त्या संघाच्या सभासद झाल्या. पुढें संघाच्या मासिकांत ‘ग्रेस डेअर’ या टोपणनांवानें त्या लिहूं लागल्या. इतर मुली झोपल्यावर खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकून त्याआड मेणबत्ती लपवावयाची आणि लिहावयाचें, असा त्यांचा क्रम होता. १८९६ पासून दोन वर्षें त्यांनीं स्त्रियांच्या उद्योगविषयक एका मंडळासाठीं निरनिराळ्या दुकानांत नोकरी धरून तेथील स्थितीची गुप्तपणें पाहणी केली, आणि १८९८ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. काउंटरमागें उभी असलेली, कोणाच्या खिजगणतींत नसलेली ती मुलगी सर्व कांहीं मोजीत होती: तास मोजीत होती, दंड मोजीत होती, जेवणांतील भाकरीचे तुकडे मोजीत होती. दुकानानें जी बुद्धि वायां घालविली होती ती आतां दुकानाचाच हिशेब तपासूं लागली.

त्याच वर्षीं त्या संघाच्या साहाय्यक चिटणीस झाल्या. १८९९ सालीं ब्रिटिश कामगारसंघांच्या वार्षिक परिषदेंत त्या एकट्याच स्त्री-प्रतिनिधि होत्या. १९२३ सालीं त्याच परिषदेच्या सर्वसाधारण मंडळाच्या अध्यक्षपदावर त्यांची निवड झाली. आणि १९२९ सालीं त्या मजूरमंत्री झाल्या. ब्रिटनच्या मंत्रिमंडळांत प्रथम बसलेली स्त्री ही चवदाव्या वर्षीं कापडाच्या घड्या घालणारी मुलगी होती. मात्र सत्तेवर आल्यावर त्यांचीहि परीक्षा झाली. महामंदीच्या काळांत, १९३१ सालीं, बेकारभत्त्याच्या नियमांत त्यांनीं जो बदल केला त्याची झळ विशेषतः विवाहित स्त्रियांना लागली. ज्यांच्यांतून त्या वर आल्या होत्या त्यांपैकीं पुष्कळांना तो विश्वासघात वाटला, आणि त्याच सालच्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. दुसऱ्याच्या मापाचा अन्याय ज्यानें सोसला, त्याच्या हातीं माप आलें म्हणजे तें आपोआप न्यायाचें होतें असें नाहीं, हाहि धडा या चरित्रांत आहे.

या चळवळींतून कायद्यानें दुकाननोकरांच्या पदरांत काय पडलें तें पाहण्यासारखें आहे. १८८६ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील नोकरांचे तास आठवड्याला ७४ वर आणले. यावरून त्यापूर्वींचे तास किती असतील याची कल्पना करावी. १९११ च्या कायद्यानें आठवड्याला अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली. परंतु या सर्वांत लहान आणि अर्थानें सर्वांत मोठा असा कायदा १८९९ चा. दर तीन स्त्रीनोकरांमागें निदान एक बसावयाची जागा मालकानें ठेवली पाहिजे, एवढेंच त्यांत होतें. एक खुर्ची मिळावी म्हणून एका साम्राज्याच्या पार्लमेंटाला कायदा करावा लागला! विकणाऱ्या बाईला पाय आहेत आणि ते दुखतात, ही गोष्ट तोंवर दुकानाच्या हिशेबांत आलेलीच नव्हती.

एकजण दुकानांतून पळाला आणि दुसरीनें दुकान सुधारण्याची खटपट केली. तिसरें दृश्य अटलांटिकपलीकडे, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतलें आहे. आणि तेथें उलटाच प्रकार दिसतो. १९३४ सालीं तेथील १२५ व्या रस्त्यावर ब्लमस्टीन यांचें भव्य दुकान होतें. भोंवतालची वस्ती कृष्णवर्णी लोकांची. गिऱ्हाईक बहुतांशीं त्यांचेंच. परंतु त्या दुकानांत कृष्णवर्णी माणसाला काम मिळालेंच तर तें पाळण्याचें दार उघडण्याचें किंवा ओझें उचलण्याचें. महामंदीच्या त्या दिवसांत पदवी घेतलेले कृष्णवर्णी तरुण आगगाडीच्या स्टेशनांवर लाल टोपी घालून सामान उचलीत असत. विकणारणीची जागा म्हणजे त्या वस्तींतील सुशिक्षित मुलींच्या दृष्टीनें वरची पायरी होती, आणि ती पायरी त्यांना बंद होती.

रेव्हरंड जॉन जॉन्सन या धर्मोपदेशकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खरेदीच्या पावत्या गोळा करून, या दुकानाचा गल्ला कोणाच्या पैशानें भरतो हें दाखवून दिलें. ‘जेथें काम मिळत नाहीं तेथें खरेदी करूं नका’ ही घोषणा त्यापूर्वींच शिकागोसारख्या शहरांतून निघालेली होती. ती आतां हार्लेममध्यें दुमदुमूं लागली. कांहीं आठवडे दुकानाच्या दारांशीं पहारे बसले. जुलैअखेर दुकान नमलें, आणि पंधरा कृष्णवर्णी विक्रेत्या ताबडतोब व आणखी वीस सप्टेंबरांत नेमण्याचें त्यानें मान्य केलें. विजयाला लगेच दृष्ट लागली. नेमलेल्या मुली बहुतेक उजळ वर्णाच्या आहेत अशी तक्रार उठली, आणि चळवळींत फूट पडली. त्याच सालीं न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें असे पहारे बेकायदा ठरविले. पुढें १९३८ सालीं वॉशिंग्टन शहरांतील अशाच एका वादांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, नोकरींतील वर्णभेदाविरुद्ध शांततेनें पहारा करणें हाहि कामगारविषयक तंट्याचाच भाग होय, आणि त्याला कायद्याचें संरक्षण आहे.

वेल्स ज्या काउंटरमागून जीव घेऊन पळाले, त्याच काउंटरमागें जाण्यासाठीं हार्लेमच्या मुलींना एवढें झगडावें लागलें. हा विरोध ध्यानांत घेतला म्हणजे काउंटर स्वतः हलकाहि नव्हे आणि प्रतिष्ठितहि नव्हे हें कळतें. माणसाला काय येतें हें पाहण्यापूर्वीं तो कोण आहे हें पाहून त्याची जागा ठरविली जाते. अपमान तेथें असतो.

महाराष्ट्राला हें सत्य समजण्यासाठीं हार्लेमपर्यंत जाण्याची आवश्यकता नाहीं. परंतु योगायोग असा कीं, तें ज्यांनीं सर्वांत अधिक सोसलें ते हार्लेमच्या शेजारींच शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ पासून १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठांत होते, आणि त्या विद्यापीठाची टेकडी उतरली कीं हार्लेम लागतें. १९१७ सालीं ते बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले. अमेरिकेंतील पदवी त्यांच्यापाशीं होती. पण त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि कचेरींतले शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच कागद टाकीत. मुंबईस परतल्यावर शेअरव्यवहारासंबंधीं सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनीं सुरू केला. सल्लागाराची जात कळतांच गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं. अर्थशास्त्रांतील एवढा मोठा अधिकार असलेल्या माणसाच्या सल्ल्याची किंमत ज्या बाजारांत जातीवरून शून्य ठरते, त्या बाजाराचा गजच खोटा आहे हें आणखी निराळें सांगावयास नको.

आतां अर्धवेळच्या नोकरीकडे वळतां येईल. कारण विकणाऱ्याची किंमत उतरण्यास माणसांच्या पूर्वग्रहांइतकींच यंत्रेंहि कारणीभूत झालीं. जुना विक्रेता आपल्या मालाचा जाणकार असे. कापडाचा पोत, चहाची प्रत, तांदळाचें वय तो हात लावून सांगे. भाव त्याला तोंडपाठ असत. बेरीज तो मनांतल्या मनांत करी. १८७९ सालीं अमेरिकेंतील डेटन येथें जेम्स रिटी यानें रोकड मोजणारें यंत्र बनविलें, तें नोकरांच्या हातून पैसा गळूं नये म्हणून. हिशेब माणसाच्या डोक्यांतून यंत्रांत गेला. १९१६ सालीं मेंफिस येथें क्लॅरेन्स साँडर्स यानें गिऱ्हाइकानें स्वतःच फळीवरून माल उचलावा आणि बाहेर पडतांना पैसे द्यावे अशा पद्धतीचें दुकान उघडलें. मालाची माहिती विक्रेत्याच्या जिभेवरून वेष्टणावरच्या चिठ्ठींत गेली.

याचा परिणाम दूरवर झाला. ज्ञान लागत नाहीं असें एकदां ठरलें कीं माणूस कोणीहि चालतो. आणि माणूस कोणीहि चालतो असें ठरलें कीं त्याला दिवसभर ठेवण्याचें कारण उरत नाहीं. गर्दी दुपारीं असते, शनिवारीं असते, सणाच्या आधीं असते. तेवढ्यापुरते तास विकत घ्यावे असा हिशेब सुरू झाला. पूर्वीं दुकान माणसाचा सबंध दिवस आणि रात्रहि घेत असे; आतां तें त्याच्या दिवसाचे तुकडे घेऊं लागलें. ब्रिटनमध्यें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आणि त्यानंतर विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येनें अशा अर्धवेळ कामांवर आल्या. घर, मुलें, शिक्षण सांभाळून चार पैसे मिळतात ही या कामाची सोय खरी आहे, आणि ती कोणीं हिणवूं नये. परंतु अर्ध्या वेळाच्या माणसाला अर्धा माणूस समजण्याची खोडहि तिच्याबरोबरच आली. वाढ, बढती, प्रशिक्षण यांचा विचार पूर्णवेळ नोकरांपुरता होऊं लागला. अर्धवेळची विक्रेती दुकानांतून गेली काय आणि राहिली काय, सारखेंच. १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें अर्धवेळ कामासंबंधीं एक करार संमत केला. वेतन वेळेच्या प्रमाणांत असावें, पण संघटना करण्याचा हक्क, कामावरील सुरक्षितता आणि भेदभावापासून संरक्षण हीं पूर्ण असावींत, असें त्याचें सूत्र आहे. वेळ अर्धा असेल, माणूस अर्धा नसतो, हेंच त्या कलमांचें सार.

हिंदुस्थानांत दुकाननोकरांचा विचार कायद्यानें प्रथम केला तो मुंबई इलाख्यानें. १९३९ चा मुंबईचा दुकानें व संस्थांविषयींचा कायदा हा या देशांतील अशा प्रकारचा पहिला कायदा. १९४८ सालीं त्याची जागा अधिक व्यापक कायद्यानें घेतली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रानें नवा कायदा केला. कामाच्या तासांना मर्यादा आणि आठवड्याची सुटी या गोष्टी गुमास्त्याला मालकाच्या कृपेनें मिळत होत्या. त्या हक्कानें मिळाव्या, हें तत्त्व येथवरच्या दुकानांत या मार्गानें आलें. परंतु कायदा तास मोजूं शकतो. उरलेलें पुष्कळ कांहीं त्याच्या मापाबाहेर राहतें.

याचें उदाहरण केरळांत मिळतें. कोझिकोडच्या बाजारपेठेंत कापडदुकानांतील विक्रेत्यांना दिवसभर उभें राहावें लागे; गिऱ्हाईक नसतांनाहि बसण्याची मुभा नसे. त्या स्त्रियांनीं संघटना उभारली आणि बसण्याच्या हक्काची मागणी वर्षानुवर्षें लावून धरली. २०१८ सालीं केरळनें आपल्या कायद्यांत त्याप्रमाणें दुरुस्ती केली. २०२१ सालीं तामिळनाडूनें तेंच केलें. इंग्लंडांत १८९९ सालीं जी खुर्ची कायद्यांत आली, ती येथें यावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आणि या खुर्चीसाठीं ज्या भांडल्या त्यांनीं पदव्यांचा आधार घेतला नाहीं. आमचें शिक्षण अधिक आहे म्हणून आम्हांस बसूं द्या, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. आम्ही माणसें आहोंत, एवढें त्यांना पुरेसें होतें.

ज्या सुशिक्षित तरुणीच्या शल्यापासून हें विवेचन सुरू झालें तिच्यासाठीं या इतिहासांत एक सूक्ष्म इशाराहि आहे. ‘हें काम माझ्या योग्यतेचें नाहीं’ या वाक्यांत दोन अर्थ दडलेले असतात. माझ्या अंगचे गुण येथें वायां जातात, हा एक अर्थ. तो खरा आहे, आणि वेल्स यांच्याप्रमाणें सतरा मैल चालण्याची हिंमत व पुढें कोणी दार उघडणारा असेल तर त्यानें अवश्य चालावें. दुसरा अर्थ असा निघतो कीं, माझ्या शेजारीं उभ्या असलेल्या कमी शिकलेल्या बाईला मात्र हें काम आणि ही वागणूक ठीक आहे. हा दुसरा अर्थ ज्या दिवशीं मनांत शिरतो त्या दिवशीं अन्याय सोसणाराच अन्यायाचा गज आपल्या हातीं घेतो. बाँडफील्ड यांचें मोठेपण असें कीं, आपल्या बुद्धीचा उपयोग त्यांनीं शेजारणीहून आपण निराळ्या आहोंत हें सिद्ध करण्याकडे न करतां दोघींनाहि एकच खुर्ची मिळावी याकडे केला.

अपपार्कच्या वाटेवर एका रविवारीं चाललेला मुलगा, टॉवेलाआड मेणबत्ती लपवून लिहिणारी मुलगी आणि हार्लेमच्या रस्त्यावर दुकानाच्या दारांशीं उभ्या राहिलेल्या स्त्रिया यांची गांठ एकमेकांशीं कधीं पडली नाहीं. परंतु आपली किंमत दुकानाच्या वहींत लिहिलेली असते ही समजूत तिघांनींहि आपापल्या परीनें नाकारली. दुकान उद्यांहि उघडेल, गजहि छत्तीस इंचांचाच राहील. आणि तें योग्यच आहे, कारण कापड मोजण्यासाठीं त्याहून चांगलें साधन नाहीं. तो कापडापुरताच वापरला जावा, इतकेंच मागणें या सगळ्या इतिहासानें मागितलेलें आहे.